सीटखालची टाकी



मागच्या भागात आपण अहिल्यानगरच्या, म्हणजे माझ्या तोंडी अजूनही नगरच्याच, रणगाडा संग्रहालयाबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांचा आग्रह आला की पुढचा भागही टँकवरच करा. करतो. पण आजचा टँक लढणारा नाही. त्याला तोफ नाही, पट्टे नाहीत. तो गाडीच्या पोटात गप्प पडून असतो आणि गळायला लागेपर्यंत त्याची कुणाला आठवण येत नाही. आज बोलायचंय ते जुन्या लष्करी गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीबद्दल.

आधी शब्दाची एक गंमत. आपण 'टँक' हा शब्द इंग्रजी समजून वापरतो. पण शब्दकोशकार त्याचं नातं गुजराती-मराठीतल्या टांकी, टाकं या शब्दांशी जोडतात, पोर्तुगीज शब्दाचाही त्यात हातभार असावा असं मानतात. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी तुम्ही पाहिली असतील, कातळात खोदलेली. तो शब्द इंग्रजांनी पाण्याच्या साठ्यासाठी उचलला. पुढे 1915-16 मध्ये इंग्लंडात चिलखती यंत्र गुप्तपणे तयार होत होतं, तेव्हा कारखान्याबाहेर सांगायला 'पाण्याच्या टाक्या बनवतोय' अशी थाप मारली गेली आणि तेच नाव त्या यंत्राला चिकटलं. म्हणजे आपलं गडावरचं टाकं फिरून फिरून रणगाडा होऊन परत आलं. असो. आपण टाकीकडे येऊ.

मी निवृत्तीनंतर जबलपूरला स्थायिक झालो. ज्यांनी लष्करी गाड्या चालवल्या आहेत त्यांना या गावाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 1959 पासून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान ट्रक बनू लागला, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर. 1969 मध्ये वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगा इथलीच. तिचं नावसुद्धा जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज कारखान्यांच्या आद्याक्षरांवरून जुळवलेलं. त्यामुळे आजूबाजूच्या गावांत, गोठ्यांत, आंब्याखाली कुठे ना कुठे जुनी लष्करी गाडी उभी असतेच. लिलावात घेतलेली, काही वर्षं शेतात राबलेली आणि मग विसरलेली.

दोन वर्षांपूर्वी मला नानांचा फोन आला. नाना माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, तीन पिढ्या इथेच राहिलेलं मराठी कुटुंब. "कर्नलसाहेब, बाबांची जीप चालू करायची आहे. मरण्याआधी एकदा चालवायची आहे." कोणाच्या मरण्याआधी हे मी विचारलं नाही.

मंडला रस्त्याला त्यांची शेती आहे. तिथल्या पडवीत ती उभी होती. दुसऱ्या महायुद्धातली जीप, नानांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात लिलावात घेतलेली. जीप म्हणजे युद्धकाळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास काढलेली गाडी. फोर्डची ओळखायची खूण सोपी: फोर्डने जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, आपलं 'एफ' अक्षर ठोकलं. नानांच्या जीपवर काही बोल्ट 'एफ'चे होते, काही साधे. युद्धभूमीवरच्या वर्कशॉपमध्ये जो बोल्ट हाताला लागेल तो बसवला जायचा, त्यामुळे अशी सरमिसळ झालेली जीप मला नेहमी जास्त खरी वाटते.

नानांनी ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलली आणि खाली टाकीचं झाकण दिसलं.

ज्यांनी ही जीप जवळून पाहिलेली नाही त्यांना सांगतो. युद्धकाळातल्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पेट्रोल भरायचं तोंडही गादीखालीच. म्हणजे पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उतरायचं, गादी उचलायची, झाकण फिरवायचं, भरायचं, गादी ठेवायची आणि पुन्हा त्यावर बसायचं. 15 अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण 57 लिटर पेट्रोलवर माणूस बसलेला. आज कोणी असा आराखडा काढला तर त्याला नोकरीवरून काढतील. पण तेव्हा हिशेब वेगळा होता. मागची जागा माणसांसाठी आणि सामानासाठी मोकळी हवी होती, वजन मध्ये आणि खाली हवं होतं. युद्धानंतर नागरी वापरासाठी निघालेल्या जीपमध्ये भरण्याचं तोंड बाहेर काढलं, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

आता या टाकीचं दुखणं तिच्या जागेतच आहे. फरशीत तिच्यासाठी एक खोलगट खड्डा केलेला असतो. त्या खड्ड्यात चिखल साचतो, पाणी साचतं, ड्रायव्हरच्या बुटांची माती साचते. म्हणजे टाकी बाहेरून, तळाकडून कुजते. आणि आतून? अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थंड होऊन पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथेच बसून गंज खातं. थंड प्रदेशात संध्याकाळी टाक्या भरून ठेवायची शिस्त आम्हाला लावलेली असायची, ती याचसाठी. टाकीत हवाच कमी, तर पाणी कुठून येणार? नानांची जीप दहा वर्षं टाकीच्या तळाशी वाटीभर पेट्रोल ठेवून उभी होती. दोन्हीकडून सडली नसती तरच नवल.

आम्ही टाकी काढली. पट्ट्यांचे नट गंजून एकजीव झाले होते, तासभर गेला. बाहेर अंगणात आणून उलटी केली, माती खरवडली, आणि मग माझा सगळा सकाळचा वेळ त्या तळाकडे बघण्यातच गेला. कारण त्या तळावर तीन माणसांची सही होती.

पहिली सही डाखाची. शिवणीच्या कडेला बोटभर लांबीचा, इतका सफाईदार डाख की पाहताना हेवा वाटावा. जुन्या टाक्यांचा पत्रा साधा नसायचा. पोलादी पत्र्यावर शिसं आणि थोडं कथील यांचा मुलामा असायचा. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे ना, त्याच जातीचं काम, फक्त कारखान्यात आणि शिसं जास्त. त्याने गंज थांबतो आणि डाख पटकन धरतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने भांड्यात फिरवलेलं कथील. टाकीवरचा तो डाख बघून मला तोच वास आल्यासारखं वाटलं. जस्त घालून 'मारलेलं' ॲसिड लावून, तांब्याचा जाड कय्या भट्टीत तापवून, ज्याने हे केलं त्याला वर्कशॉपचं शिक्षण होतं. हा डाख लष्करातला असणार असं माझं मत आहे.

दुसरी सही पितळी ठिगळाची. तळाला रुपयाएवढं भोक पडलं होतं, त्यावर चौकोनी पत्रा ठेवून ब्रेझिंग केलेलं. मजबूत, पण बेढब. नाना म्हणाले, "हे बाबांनी करून घेतलं. मला आठवतंय, मी चौथीत होतो. लोहाराकडे दिवसभर बसलो होतो."

तिसरी सही एमसीलची. करड्या लेपाचा गोळा, अंगठ्याने दाबलेला. अंगठ्याचा ठसासुद्धा त्यात होता. "हे माझं," नाना जरा ओशाळून म्हणाले. आणि त्या लेपाच्या खाली, फटीत, काहीतरी पांढरट मेणासारखं. मी नखाने काढून पाहिलं. साबण. टाकी वाटेत गळायला लागली की कपडे धुण्याच्या साबणाची वडी शिवणीवर घासायची, हा सगळ्या ड्रायव्हरांचा जुना तोडगा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. माझ्या कंपनीतल्या प्रत्येक गाडीच्या टूलबॉक्समध्ये पाना असो-नसो, साबणाचा तुकडा असायचा.

मंडळी, ही शिवण हलकी घेऊ नका. शिवणीपायी एका अख्ख्या सैन्याचे हाल झालेले आहेत. नानांच्या टाकीकडे परत येतोच, पण जरा उत्तर आफ्रिकेत जाऊन येऊ.

1940 ते 42 च्या वाळवंटातल्या लढाईत ब्रिटिश फौजेला पेट्रोल पुरवलं जायचं ते चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे 18 लिटरच्या, पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांत. तुमच्या स्वयंपाकघरात किंवा किराणा दुकानात तेलाचा 15 किलोचा चौकोनी डबा आहे ना, त्याचाच तो भाऊबंद. सैनिक त्याला 'फ्लिम्सी' म्हणायचे, म्हणजे लेचापेचा. पत्रा पातळ, कडा दुमडून डाखलेल्या. हा डबा गोदामात ठीक. पण ट्रकमध्ये एकावर एक रचून दगडगोट्यांवरून शंभर मैल नेला की कडा उघडायच्या. वरच्या डब्यांच्या वजनाने खालचे चेपायचे. ट्रकच्या फळ्यांवर पेट्रोल वाहायचं आणि उन्हात त्याची वाफ. तळापासून आघाडीपर्यंत पोचेस्तोवर साधारण 30 टक्के पेट्रोल वाया जातं, असा जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. हे पेट्रोल टँकर जहाजांतून, पाणबुड्यांच्या तोंडून वाचवून आणलेलं! समुद्रात वाचलं ते शिवणीतून गेलं. रिकाम्या डब्याचा उपयोग मात्र सैनिकांनी शोधला: डबा अर्धा कापायचा, वाळू भरायची, त्यात पेट्रोल ओतायचं, पेटवायचं, वर चहा. त्या वाळवंटात आपली मराठा पलटणही होती. 2/5 मराठा लाइट इन्फन्ट्री जून 1942 मध्ये तोब्रुकच्या वेढ्यात होती. त्यांनीही हाच चहा प्यायला असणार.

समोर जर्मनांकडे होता तो 20 लिटरचा कॅन. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तो तयार केला होता. दोन दाबून काढलेले अर्धे भाग, मध्ये एकच वेल्ड केलेली शिवण, तीही आत खोबणीत घेतलेली, म्हणजे आपटलं तरी मार शिवणीला लागत नाही. वर तीन मुठी. एकट्याने नेताना मधली धरायची, दोघांनी नेताना कडेच्या, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. तरफेने घट्ट बसणारं झाकण, ओतताना गुळगुळ होऊ नये म्हणून हवेची नळी, आतून रंगाचा लेप आणि वर हवेची थोडी पोकळी, त्यामुळे भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, म्हणून हा 'जेरीकॅन'. हाती लागलेला प्रत्येक जेरीकॅन ब्रिटिशांनी जपून वापरला आणि शेवटी जसाच्या तसा कारखान्यात बनवायला घेतला.

या कॅनची भारताशी एक अनपेक्षित गाठ आहे. 1939 च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाणी न्यायला काही भांडं नव्हतं. त्या जर्मनाला लष्करी साठ्याची माहिती होती, त्याने तीन कॅन आणले. अर्ध्या वाटेत जर्मनाला परत बोलावणं आलं, प्लाइस एकटा पुढे कोलकात्यापर्यंत आला. मोटार आणि ते तीन कॅन तिथेच ठेवून तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या लष्कराला सांगत बसला की असा एक डबा आहे. कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मोटार मागवून कॅन दाखवला, तेव्हाही अमेरिकनांनी नक्कल करताना वेल्ड केलेली शिवण सोडली, दुमडलेली घेतली, आणि तरफेच्या झाकणाऐवजी फिरकीचं लावलं, ज्याला पाना आणि ओतायला नरसाळं लागायचं. सुधारणा करायची हौस सगळ्या देशांच्या कचेऱ्यांत सारखीच. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आयुष्य काढलं. पेट्रोल पोचवणं हे आमचं काम. जेरीकॅनची झाकणं तपासण्यात माझ्या किती सकाळी गेल्या त्याचा हिशेब नाही.

तर शिवण. नानांच्या अंगणात परत या.

नानांना ती टाकी दुरुस्त करून हवी होती. नवी नको. "साहेब, बाबांचं ठिगळ आहे त्यावर." त्यांनी आधीच रस्त्यावरच्या एका वेल्डरला बोलावून ठेवलं होतं. तरुण पोरगा, पंचविशीचा, कामाला चांगला असावा. त्याने टाकी हलवून पाहिली, कानाशी नेली, आणि हसून म्हणाला, "खाली है साहब. दस साल से खाली है. आधे घंटे का काम है."

मी त्याच्या हातातून टाकी काढून घेतली. जरा जोरातच घेतली असावी, कारण तो चमकला.

1988 ची गोष्ट. मी नुकताच कॅप्टन झालो होतो. उत्तरेतल्या एका छावणीच्या गावात आमची कंपनी होती. वार्षिक तपासणी चार दिवसांवर आलेली, आणि एका जोंगाची टाकी शिवणीला पाझरत होती. नियमाप्रमाणे ती ईएमईच्या वर्कशॉपला जायला हवी होती. तिथे रांग होती. मी शहाणपणा केला. टाकी उतरवली, उपडी करून सगळं पेट्रोल काढलं, झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात वाळवली आणि ड्रायव्हरबरोबर गावातल्या वेल्डरकडे पाठवली. सोबत माझ्या हातची चिठ्ठी: टंकी खाली है, जोड़ पर वेल्डिंग कर दो.

टाकीचा एक बाजूचा पत्रा उडाला. त्या माणसाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि एका कानाचं ऐकणं गेलं. तो माझ्याच वयाचा होता. मी इस्पितळात गेलो तेव्हा त्याने काही तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, "साहब, आपने तो लिखा था खाली है."

चौकशी झाली, मला लेखी नापसंती मिळाली, ती रास्त होती. पैसे मी दिले, पुढेही पाठवत राहिलो. ते इथे सांगायचं कारण नाही. पण त्यानंतर मी या विषयाचं जेवढं मिळेल तेवढं वाचलं, आणि ते मात्र सांगायचं कारण आहे.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि वाफही वाटेल त्या प्रमाणात पेट घेत नाही. हवेत साधारण 1.4 टक्क्यांपासून 7.6 टक्क्यांपर्यंत वाफ असेल तरच. भरलेल्या टाकीत, आपल्या हवामानात, वाफ याहून कितीतरी दाट असते, पेट घ्यायला हवाच पुरत नाही. म्हणून काही भरल्या टाकीजवळ काडी ओढायची नाही, बाहेर वाफ आहेच. पण टाकीच्या आत स्फोट होतो तो 'रिकाम्या' टाकीत. हिशेब करून पाहा. 57 लिटरच्या टाकीत 1.4 टक्के वाफ म्हणजे पाऊण लिटरच्या जरा वर. एवढी वाफ व्हायला किती पेट्रोल लागतं? चार-पाच मिलिलिटर. चहाचा एक चमचा. तेवढं पेट्रोल शिवणीच्या दुमडीत, गंजाच्या पापुद्र्यात, तळाच्या डांबरट थरात सहज लपून बसतं. टाकी कोरडी दिसते, वास येत नाही, दहा वर्षं झालेली असतात. वेल्डिंगची उष्णता त्या थराला लागली की तो पुन्हा वाफ सोडतो. माझी टाकी दोन दिवस उन्हात होती, म्हणजे वरवरचं सगळं उडून गेलं होतं आणि आत नेमकी पेटण्याजोगी हवा तयार झाली होती. भरलेली पाठवली असती तर त्याने तिला हातच लावला नसता.

मग जुन्या लोकांनी हे काम कसं केलं? नानांच्या टाकीवरचा तो पहिला डाख ज्याने घातला त्याने घाई केलेली नाही एवढं त्याच्या हातावरून दिसतं. पद्धत ठरलेली होती. टाकी उतरवायची, सगळी बुचं, गेजचा फ्लोट, नळ्या काढायच्या. गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने खळबळून धुवायची. मग वाफ सोडायची, पाच-दहा मिनिटं नाही, टाकी सगळीकडून हाताला चटका देईल इतकी आणि त्यानंतरही बराच वेळ. मग टाकी पाण्याने भरायची आणि जिथे काम करायचं तेवढाच भाग वर कोरडा ठेवायचा, म्हणजे आत हवेला जागाच नाही. ज्योत टाकीपाशी आणायचीच नाही, कय्या लांब भट्टीत तापवून आणायचा. काही ड्रायव्हर चालू इंजिनचा धूर रबरी नळीने टाकीत सोडून वेल्डिंग करायचे, आतला प्राणवायू कमी व्हावा म्हणून. त्यात कल्पना चूक नाही, पण धुरात किती हवा मिसळली हे कोणी मोजत नव्हतं. ते करू नका. आज कार्बन डायऑक्साइड किंवा आरगॉन भरून, वाफ मोजायचं यंत्र लावून हे काम करणाऱ्या जागा आहेत. तिथे न्या.

आणि तपासताना: सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघायचे. हवा किती? दोन पाउंडाच्या वर नाही. टायरसारखी भराल तर सपाट पत्रे फुगून टाकीचा फुटबॉल होईल. मी एक पाहिली आहे.

तर मी त्या वेल्डर पोराला पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला आणि चमच्याचा हिशेब सांगितला. त्याने विचारलं, आमच्या दुकानात तर असं रोज करतात. मी म्हटलं, रोज करतात त्यातलाच एक मला भेटला होता. मग तो गप्प बसला. जाताना त्याने नानांकडून पैसे घेतले नाहीत. मी घ्यायला लावले.

नानांची समजूत घालणं याहून अवघड गेलं. नीट ठिकाणी नेऊन टाकी सुरक्षित करता आली असती. पण तळाचा पत्रा काही ठिकाणी वहीच्या पुठ्ठ्याइतका उरला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जात होता. तो तळ कापून नवा घातला असता तर डाख, पितळी ठिगळ, सगळंच कापावं लागलं असतं. म्हणजे नाना जे वाचवायला निघाले होते तेच दुरुस्तीत गेलं असतं.

दुसरं, पेट्रोल बदललं आहे. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसातलं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवायला जरा कचरतो. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. जुन्या टाकीचा शिसं-कथिलाचा मुलामा त्याला टिकत नाही, गेजखालचं बुचाचं गॅस्केट आणि जुनं रबर टिकत नाही, आणि भिंतींवर चाळीस वर्षं बसलेला राळेसारखा थर सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो. टाकीच्या आतून लावायचे लेप मिळतात. चांगले मिळतात. पण गंजाचा एक पापुद्रा जरी खाली राहिला तरी लेप वर्षा-दोन वर्षांत सालपटासारखा सुटतो आणि मग तो नळीत अडकतो. साफ पत्र्यावर लेप लावा, सडक्या पत्र्यावर नको, हे माझं मत.

जुन्या गाड्यांचे शौकीन इथे माझ्याशी भांडतात. नवी टाकी घातली म्हणजे गाडी खोटी झाली, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. लष्करात या गाड्या चालू होत्या तेव्हा टाकी सडली की ती खात्यातून खोडली जायची आणि नवी यायची. त्यात कुणाला भावना नव्हत्या. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा नवी टाकी घालून, तिच्यावर मुद्दाम गंज आणि जुना रंग चढवून मालक सांगतो की ही 1943 चीच आहे. अशा गाड्या मी संचलनांत पाहिल्या आहेत, आणि बक्षीस घेतानाही पाहिल्या आहेत.

नानांनी दोन आठवडे उत्तर दिलं नाही. मग एक दिवस फोन आला, "नवी करा. पण मापं बाबांच्या टाकीवरून घ्या."

तशीच केली. जबलपुरात कारखान्यांतून निवृत्त झालेल्या हातांची कमतरता नाही. स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आत पेट्रोल डचमळू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या, तळाला गाळ काढायचं बूच, इथेनॉल सोसणारं गॅस्केट. बाहेरून ऑलिव्ह हिरवा रंग, आणि तळावर सालासकट अक्षरं ठोकली: जबलपूर, 2023. पुढे कुणी गादी उचलून, टाकी काढून पाहील तर त्याला कळलं पाहिजे की ही चौथी सही आहे.

जीप सुरू व्हायला आणखी चार महिने गेले, कार्ब्युरेटरने छळलं. ती कथा वेगळ्या भागाची आहे. निघाली तेव्हा नानांनी नातवाला गादी उचलायला सांगितली आणि स्वतः नरसाळं धरून पहिले पाच लिटर ओतले. मग त्यावर बसून शेताच्या बांधापर्यंत गेले आणि आले. पहिल्या गिअरमधून दुसरा काही पडला नाही.

जुनी टाकी पडवीच्या भिंतीवर टांगली आहे, तळ पुढे करून, म्हणजे डाख, पितळ आणि नानांचा अंगठा तिन्ही दिसतात. आम्ही तिची सगळी बुचं काढून टाकली, सोड्याने तीनदा धुतली. नानांना खाली वडिलांचं नाव आणि साल लिहायचं होतं, ते लिहिलं. त्याखाली मी एक पत्र्याची पट्टी लावून घेतली, हिंदीत, कारण तिथे येणारे-जाणारे हिंदीच वाचतात: धुली हुई है, फिर भी इस पर वेल्डिंग न करें.

पुढच्या भागात शक्तिमानबद्दल बोलू. जय हिंद.